आखाजीआधी घर काढताना: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

आखाजी, म्हणजे आमच्या खानदेशातली अक्षय्य तृतीया, पंधरा दिवसांवर आली की आमच्या गल्लीत प्रत्येक अंगणात ट्रंका, गाद्या आणि गव्हाच्या कोठ्या दिसायला लागतात. लेकी माहेरी येणार, झोके बांधले जाणार, घागर भरायची, म्हणून घर लख्ख हवंच. आणि दरवर्षी त्याच चुका होताना बघते. फरशी पुसून झाल्यावर कुणाच्या तरी ध्यानात येतं की पंख्याची पाती राहिली. भिंतीला चुना मारून आठ दिवस होत नाहीत तोच खालच्या अंगाला पोपडे सुटतात. उन्हातला गहू गरम गरमच कोठीत भरला जातो आणि पोळ्यापर्यंत त्यात सोंडे होतात. मेहनत सगळ्याच जणी करतात. ती वाया जाते कामांचा क्रम चुकल्यामुळे.

काही घरांत हे सगळं कानबाई (खानदेशातली देवी) बसवायच्या आधी, म्हणजे श्रावणात काढतात. झाडलोट तेव्हा जरूर करा, पण चुना, गाद्या आणि धान्य ही तीन कामं आखाजीआधीच उरका. श्रावणात हवेत ओल असते, ऊन दोन-दोन दिवस दिसत नाही, आणि या तिन्ही कामांना ऊन लागतं.

## सुरुवात करण्यापूर्वी

दिवस आखून घ्या. पूर्ण घर एकदम काढू नका. रात्री अंथरूण टाकायला जागा उरत नाही, मग घाईघाईत सगळं होतं तसं परत कोंबलं जातं. रोज एक खोली धरा. पहिल्या दिवशी माळा आणि कोठीची खोली, मग झोपायची, मग बैठक आणि शेवटी स्वयंपाकघर. माळ्यावरची धूळ खालच्या खोल्यांत उतरते, म्हणून तो आधी.

वेळ सांभाळा. वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा ४३-४४ अंशांवर जातो. अंगमेहनतीचं काम सकाळी ६ ते १० आणि संध्याकाळी ५ नंतरच करा. मधल्या वेळात गाद्या आणि धान्य उन्हात राहू द्या, तुम्ही सावलीत बसून निवडानिवड करा.

पाण्याचा हिशेब मांडा. कित्येक गावांत नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं. धुण्याचं काम पाण्याच्या दिवशी ठेवा, कोरडं काम इतर दिवशी. कपड्यांचं शेवटचं खळबळलेलं पाणी फरशीला, फरशीचं पाणी अंगणाला. साबणाचं पाणी मात्र तुळशीला घालू नका.

सामान आधी गोळा करा. शिराई, खराटा, लांब बांबूला बांधलेला कुंचा, जुन्या सुती साड्यांच्या चिंध्या, दोन बादल्या, लोखंडी पत्र्याचा उलथना, चुन्याचा कुंचला. जोडीला कपडे धुण्याची पावडर, खाण्याचा सोडा, लिंबू, चिंच, मीठ. महागड्या बाटल्यांची गरज नाही. प्लॅस्टिकचे डबे, टोपल्या, कप्पे यांतलं काहीही आत्ता विकत आणू नका. काय उरणार हे कळल्याशिवाय कशात ठेवायचं ते कळत नाही.

धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर असेल तर वर खारी माती टाकायचं काम सगळ्यांत आधी. ते चालू असताना खाली माती झडतेच.

## टप्पा १ : काढणं आणि निवडणं

खोलीतलं हलवता येईल ते सगळं बाहेर काढा आणि चार ढीग करा: ठेवायचं, द्यायचं, दुरुस्तीचं, भंगार. "बघू नंतर" असा पाचवा ढीग करू नका, तोच पुढच्या वर्षी माळ्यावर सापडतो. द्यायचा ढीग त्याच संध्याकाळी घराबाहेर पडला पाहिजे. दुरुस्तीच्या ढिगातलं जे महिनाभरात दुरुस्त होणार नाही, ते भंगारातच टाका.

सासूबाईंच्या किंवा आजींच्या ट्रंकेला त्यांच्या पाठीमागे हात लावू नका. त्यांना बाजेवर सावलीत बसवा, एकेक वस्तू हातात द्या, त्या सांगतील तसं करा. वेळ जास्त लागतो, पण चार दिवसांनी "माझं ते कुठे गेलं" म्हणून घरात जी कटकट होते ती टळते. आणि जुन्या काठपदराच्या साडीत कशाची पुडी बांधलेली आहे हे त्यांनाच ठाऊक असतं.

गाद्या, उशा, गोधड्या सकाळी १० ते ४ कडक उन्हात टाका, दुपारी एकदा उलटा, काठीने झोडपा आणि गार झाल्यावरच घडी घाला. रेशमी साड्या, पैठण्या, गरम कपडे उन्हात नकोत. ते सावलीत वाऱ्यावर टाकायचे, नाहीतर रंग उडतो आणि घडीवर रेशीम विरतं. ट्रंकेत परत ठेवताना सावलीत पूर्ण वाळवलेला कडुनिंबाचा पाला फडक्यात बांधून ठेवा. पाला ओला राहिला तर त्याचेच डाग पडतात.

सावधान: अडगळीत, लाकडांच्या आणि पऱ्हाटीच्या (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या) ढिगाखाली विंचू असतात. कोणतीही वस्तू आधी काठीने हलवा, मगच उचला. चप्पल घालूनच काम करा आणि लहान मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका.

सावधान: उंदराच्या लेंड्या दिसल्या तर कोरडा झाडू मारू नका, ती धूळ नाकातोंडात जाते. त्यावर जंतुनाशकाचं पाणी शिंपडा, थोडा वेळ थांबा, मग हातात पिशवी घालून चिंधीने पुसून घ्या.

## टप्पा २ : वरून खाली, कोरडं आधी

आमच्या आजी सांगायच्या, "पह्यले वर, मंग खाले." क्रम असा: छत आणि कोपऱ्यांतली जळमटं, पंखा, ट्यूबलाइट, दाराखिडक्यांच्या चौकटींचा वरचा काठ, भिंती, फडताळ, आणि सर्वांत शेवटी जमीन. या टप्प्यात पाण्याचा थेंबही वापरायचा नाही. धुळीवर पाणी पडलं की तिचा चिखल होतो, आणि वाळलेला चिखल जाळीतून आणि चौकटीच्या खाचांतून निघता निघत नाही.

पंख्याच्या पात्याला जुना उशीचा अभ्रा घाला, वरून दोन्ही हातांनी दाबून बाहेर ओढा. धूळ अभ्र्यातच राहते. खिडक्यांची जाळी आतून सुक्या ब्रशने झाडा आणि बाहेरच्या बाजूला पडणारी धूळ शेवटी झाडून घ्या. कापूस घरात भरलेला असेल तर त्या खोलीत तंतू चौकटींच्या मागेपर्यंत गेलेले असतात. नाकातोंडाला ओलसर पंचा बांधल्याशिवाय ती खोली झाडू नका.

तपासा: दाराच्या वरच्या काठावरून पांढरी चिंधी फिरवा. ती काळी निघाली तर अजून खाली उतरायची वेळ झालेली नाही.

## टप्पा ३ : भिंती

सगळ्यांत जास्त काम इथे वाया जातं, म्हणून हा टप्पा सावकाश वाचा.

आधी लोणा बघा. जमिनीपासून हात-दीड हात उंचीपर्यंत भिंत फुगलेली, पापुद्रे सुटलेले, पांढरी भुकटी आलेली असेल तर तो लोणा. त्यावर कितीही चुना मारा, तो सुटणारच. ओल कुठून येते ते आधी शोधा: न्हाणीचं पाणी भिंतीकडे वळतंय का, बाहेरून जोत्याला माती-कचरा लागलाय का, पाइपाचा जोड गळतोय का. कारण दूर करा, मग लोणा कोरडाच खरवडा आणि कोरड्याच ब्रशने झाडा. पाण्याने धुवू नका. धुतलेला क्षार विरघळून पुन्हा भिंतीतच मुरतो. खरवडलेली भुकटी गोळा करून घराबाहेर टाका, जोत्याशी झाडून ठेवू नका. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करून ओल झाकण्याचा सल्ला बरेच जण देतात. तो ऐकू नका. ओल आत कोंडते आणि आणखी वर चढते.

मग खिळे. फोटो, कॅलेंडर, दोरी यांचे खिळे आत्ताच ठोका आणि जुनी भोकं बुजवा. चुना झाल्यावर ठोकलेला खिळा भोवतालचा पोपडा घेऊन येतो.

भिंतीवर आधी काय आहे ते पाहा. ऑइलपेंट किंवा प्लॅस्टिक पेंट असेल तर चुना धरणार नाही. अशी भिंत साबणाच्या पाण्याने धुवायची, आणि ती मात्र खालून वर. वरून धुतली तर घाणीचे ओघळ खालच्या कोरड्या भागावर उतरतात आणि त्यांचे पट्टे राहतात. सगळी ओली झाली की शेवटचं स्वच्छ पाणी वरून खाली घ्या.

चुना भिजवणं. कळीचा चुना १ किलो आणि पाणी ५ लिटर हे सोपं माप. लोखंडी किंवा पत्र्याच्या पिंपात आधी पाणी घ्या, मग त्यात चुन्याचे खडे थोडे थोडे सोडा. पाणी खळाखळा उकळायला लागतं, वाफ येते. प्लॅस्टिकची बादली वितळते, म्हणून ती घेऊ नका. २४ तास झाकून ठेवा, काठीने ढवळा आणि धोतराच्या फडक्यातून गाळा. त्यात मूठभर मीठ, उकळून विरघळवलेला थोडा डिंक आणि पांढरेपणासाठी निळीचे चार-पाच थेंब घाला. पातळ ताकाइतकं सरसरीत हवं.

सावधान: खड्यांवर वरून पाणी ओतू नका, चुना उसळतो. मुलांना लांब ठेवा आणि डोळ्यांवर चष्मा लावा. डोळ्यात थेंब गेला तर न चोळता वाहत्या पाण्याने निदान १५ मिनिटं धुवा आणि डॉक्टरांकडे जा.

सावधान: भिंत ओली करण्यापूर्वी घरातला मेन स्विच बंद करा आणि बटणांच्या बोर्डांवर कागद चिकटवा.

चुना मारणं. आपल्याकडच्या उन्हात खरी चूक इथे होते. कोरड्या तापलेल्या भिंतीवर कुंचला फिरवला की भिंत पाणी लगेच पिऊन टाकते. चुना पक्का होतो तो ओलसर असताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन. पाणीच उडालं तर तो पक्का होत नाही, नुसती भुकटी भिंतीवर बसते. म्हणून सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर भिंतीवर पाणी शिंपडा, ती ओलसर असताना पहिला हात उभा मारा. तो वाळला की पुन्हा हलकं पाणी शिंपडून दुसरा हात आडवा. गरज वाटली तर तिसरा.

पहिला हात मारल्यावर भिंत पांढरी दिसत नाही. करडी, पाणचट दिसते. इथेच बहुतेक जणी घाबरतात आणि पुढचा चुना घट्ट करतात. करू नका. वाळता वाळता तो आपोआप उजळतो. घट्ट हात दिला तर पापुद्रे होऊन सुटतो. दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा कधीही टिकाऊ.

तपासा: दोन दिवसांनी तळवा भिंतीवरून दाबून फिरवा. किंचित पांढरेपणा आला तर चालतो. तळवा पिठात घातल्यासारखा निघाला तर भिंत कोरडी असताना चुना बसलाय. ब्रशने भुकटी झाडा, पाणी शिंपडा, एक पातळ हात पुन्हा मारा.

## टप्पा ४ : स्वयंपाकघर

फोडणीचा धूर, भरीताची वांगी, वर्षभराचं तळण, या सगळ्याचा चिकट थर फडताळावर आणि छताशी बसलेला असतो. त्यावर आधी ओलं फडकं फिरवलं तर तो नुसता पसरतो. गरम पाण्यात कपड्याची पावडर आणि चमचाभर सोडा घालून चिंधी पिळून थरावर चिकटवा, दहा मिनिटं राहू द्या, मग खरवडा. सोडा ॲल्युमिनियमच्या भांड्यांना लावू नका, ती काळी पडतात.

आता ओटा. कडाप्पा आणि शहाबादी दोन्ही चुनखडीचे दगड आहेत. बोअरच्या खाऱ्या पाण्याचे पांढरे डाग काढायला त्यांच्यावर ॲसिड, व्हिनेगर, लिंबू किंवा लिंबूसत्व टाकलं तर डागाबरोबर दगडही खाल्ला जातो. माझ्या ओट्यावर मी लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी फरशीचं ॲसिड ओतलं होतं. सुर्रर् आवाज झाला, पांढरा फेस आला, वाटलं डाग निघतोय. पुसल्यावर तिथे तळहाताएवढा राखाडी, खरखरीत चट्टा राहिला. हात फिरवला की अजून लागतो. कडाप्प्यावरचा क्षार लाकडी पट्टीने हलकेच खरवडा, साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळू द्या आणि खोबरेल तेलाचा बोटभर हात चोळा. काळा रंग परत येतो. लिंबूसत्व वापरायचं ते फक्त स्टीलच्या नळांना आणि भांड्यांना.

तांब्या-पितळेची भांडी चिंच-मिठाने घासा, लगेच धुवा आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसा. "उन्हात वाळतील" म्हणून तशीच पालथी घातली की खाऱ्या पाण्याचे ठिपके पडतात आणि केलेली मेहनत फुकट जाते.

पुरणपोळी भाजायचं मातीचं खापर साबणाने धुवू नका. माती साबण पिते आणि पहिल्या दोन-तीन पोळ्यांना त्याचा वास येतो. राखेने आणि नारळाच्या काथ्याने घासून उन्हात वाळवा. ठेवताना चिंध्यांच्या चुंबळीवर, एकटं ठेवा, वर काहीही नको. खापराला चीर आहे का हे आधीच बघा: बोटाच्या पेराने टकटक केली की चांगलं खापर टणटण वाजतं, चिरलेलं बद्द वाजतं. हे आखाजीच्या सकाळी कळून उपयोग नाही.

सावधान: ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड किंवा टॉयलेट क्लीनर कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, बंद न्हाणीत तो जिवावर बेततो.

## टप्पा ५ : धान्य

कोठी रिकामी करा, तळाच्या सांध्यांतला जुना दाणा-भुसा टोकदार काडीने काढा, पुसा आणि कोठीही उन्हात तापवा. जुनी बारदानं वापरणार असाल तर उलटी करून झटका आणि वाळवा. किडा शिवणीत असतो.

गहू दोन-तीन दिवस कडक उन्हात पातळ पसरून वाळवा. दाणा दाताखाली धरा: "कट्" वाजून तुटला तर वाळला, चेपला तर अजून ऊन हवं. मग तो सावलीत पसरून रात्रभर पूर्ण गार होऊ द्या. ही रात्र बहुतेक घरांत वगळली जाते. गरम गहू पत्र्याच्या कोठीत बंद केला की आतून पत्र्याला घाम सुटतो आणि तेवढी ओल किड्याला पुरते. कोठी भिंतीपासून वीतभर लांब, विटांवर किंवा लाकडी पाटांवर ठेवा. कडुनिंबाचा पाला घालायचा तर कुरकुरीत वाळलेलाच.

वर्षाचे पापड, बिबडे, शेवया यांनाही हाच नियम: गार झाल्यावरच डबा बंद.

## टप्पा ६ : कूलर आणि पाण्याची पिंपं

कूलरची पिन बोर्डातून काढा, नुसतं बटण बंद करून हात घालू नका. टाकीतलं पाणी ओता, आतली बाजू ब्रशने घासा, कारण डासाची अंडी काठालाच चिकटलेली असतात. अंड्यापासून डास उडेपर्यंत साधारण ७ ते १० दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस टाकी कोरडी करायचीच. गवताच्या जाळ्या क्षाराने दगडासारख्या झाल्या असतील तर धूत बसू नका, बदला. पाण्याची पिंपं आणि रांजणही त्याच दिवशी.

## टप्पा ७ : मांडणी

आता जे उरलं तेवढंच आत येईल. रोज लागणारं कमरेपासून डोळ्यांच्या उंचीपर्यंत, जड ते खाली, सणासुदीचं वर. एका कामाच्या वस्तू एका जागी: पोळपाट, लाटणं, तवा आणि पिठाचा डबा एका हाताच्या अंतरात. मोठ्या डब्यांची रांग मागे आणि लहान पुढे, नाहीतर मागचं दिसत नाही आणि बाजारातून दुसऱ्यांदा येतं.

तेलाचे १५ किलोचे रिकामे डबे इथे उपयोगी पडतात. वरचा पत्रा कापून घ्या, कड आत वळवून हातोडीने ठोका, गरम पाण्याने तेलकटपणा काढा. कांदे-बटाटे ठेवणार असाल तर खिळ्याने बाजूला भोकं पाडा. कागद लावायचा तर फडताळ एक दिवस उघडं राहून वाळल्यावरच, एरवी त्याखाली झुरळं होतात.

तपासा: घरातल्या लहान मुलाला "बाळा, साखरेचा डबा आण" म्हणा. त्याला विचारावं लागलं तर जागा अजून बसलेली नाही.

## टप्पा ८ : शोभा

भिंती वाळल्या, सामान जागेवर गेलं, की मगच.

चुन्याच्या भिंतीला खाली हातभर उंचीचा गेरूचा पट्टा काढा. पाण्याचे शिंतोडे आणि हाताचे डाग त्यात झाकले जातात. रेघ सरळ यावी म्हणून सुतळी निळीत भिजवा, दोघींनी दोन टोकं भिंतीला ताणून धरा आणि मधोमध एक टिचकी मारा. भिंतीवर सरळ निळी रेघ उमटते, तिच्या खाली गेरू. गेरूत थोडा डिंक किंवा पांढरा गोंद घातला तर कपड्यांना लागत नाही.

पडदे जुन्या सुती साड्यांचे करा. खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट कापड घ्या, म्हणजे चुण्या भरदार पडतात. साडीची उजवी बाजू आत ठेवा, बाहेरचा रंग उन्हाने जातोच. पश्चिमेच्या खिडकीला पातळ पडदा बिनकामाचा आहे, तिथे दुपारपुरती जुनी गोधडी किंवा वाळ्याचा पडदा लावा.

फोटो कमी लावा, पण एका रेषेत. दारात तोरण आंब्याच्या पानांचं, ते आदल्या संध्याकाळी ओवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. आमच्या उन्हात सकाळी नऊला लावलेलं तोरण दुपारी वळून जातं, म्हणून लावायचं ते पूजेच्या आधी.

आखाजीची नवी घागर आदल्या दिवशी पाण्यात बुडवून ठेवा, मग भरून रात्रभर पाटावर ठेवून गळते का ते बघा. चांगली घागरसुद्धा झिरपतेच. म्हणून तिची जागा नव्या चुन्याच्या भिंतीपासून हातभर लांब ठरवा, खाली ओल्या वाळूचं आळं करा, त्यात घागर घट्ट बसवा आणि मगच तिच्यावर डांगर (खरबूज) ठेवा.